कड्याखालची टिपणे

अजिंठ्याची काळजी करणारा माणूस बहुधा आतच बघतो. रंगांचे सुटलेले पोपडे, वटवाघळांची घाण, गर्दीच्या श्वासाने वाढणारा दमटपणा, शंभर वर्षांपूर्वी इटालियन जाणकारांनी चढवलेले आणि पुढे पिवळे पडलेले लाखेचे लेप. यावर भरपूर लिहून झाले आहे. लेण्यातून बाहेर येऊन चपला घालताना मान वर करणारा मात्र क्वचित दिसतो. कड्याची उंची वाघोरा नदीच्या पात्रापासून सुमारे ७६ मीटर. लेणी खोदली आहेत ती पात्रापासून दहा ते तेहतीस मीटरांच्या पट्ट्यात. म्हणजे कुठल्याही लेण्याच्या दारात उभे राहा, डोक्यावर चाळीस ते साठ मीटर डोंगर आहे.

*

तो डोंगर म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला. प्रत्येक थराचा गाभा टणक. माथा मात्र सच्छिद्र, कारण वायूचे बुडबुडे तिथे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे पांढरे खडे भरले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, झिजून बाहेर पडत राहतो. मग वरच्या टणक थराच्या पायाखालचा आधार हळूहळू जातो. त्याच टणक थरात लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या चिरा असतात. खालून पोकळ आणि मागून चिरलेला ठोकळा. त्याला पडायला आणखी फारसे काही लागत नाही.

लेणी खोदणाऱ्यांना टणक थर कुठे आहे याची जाण असणार, नाहीतर एवढे दगडी छत दीड-दोन हजार वर्षे तरले नसते. मात्र जी लेणी अर्धवट राहिली ती सगळी दगड वाईट लागला म्हणून सोडली, असे सरसकट म्हणू नये. वाकाटक हरिषेणाच्या मृत्यूनंतर आश्रय आटला, हे कारण अभ्यासक देतात आणि ते जास्त पटते.

*

धोक्याची पाहणी कुठून सुरू करावी? माझ्या मते वरून नाही, खालून. पायथ्याशी पडलेले दगड मोजावेत. केवढे आहेत, कड्यापासून किती लांब गेले, कडा धारदार आहेत की बोथट, अंगावर शेवाळ-दगडफूल चढले आहे की तुटलेली बाजू अजून ताजी करडी दिसते. वर कड्यावर त्याच रंगाचा ताजा व्रण शोधावा. दगड कुठून सुटला, कुठे आपटला, कुठे थांबला, याची अर्धी हकीकत तिथेच मिळते. ड्रोन आणि लेझर स्कॅनर नंतर.

अडचण अशी की प्रसिद्ध वारसास्थळी हा पुरावा रोज सकाळी झाडला जातो. वाट स्वच्छ ठेवायची असते. दगड उचलून दरीत टाकला की काम झाले. जिथे पर्यटक सर्वांत जास्त, तिथे पडलेल्या दगडांची माहिती सर्वांत कमी, हा उलटा हिशेब मला फार खटकतो.

*

मग होकायंत्र आणि कलमापक. प्रत्येक चिरेचा कल किती, कुठल्या दिशेला, एका चिरेपासून दुसरी किती अंतरावर, मध्ये माती आहे की मोकळी फट, पाझर आहे का. शेकडो नोंदी. त्या वर्तुळाकार जाळीवर मांडल्या की कातळ कसा निसटेल याचे तीन प्रकार दिसू लागतात: एका चिरेवरून सपाट घसरणारा, दोन चिरांच्या कोनातून पाचरीसारखा सुटणारा, आणि उभा खांब पुढे कलंडणारा. अजिंठ्यासारख्या उभ्या चिरांच्या बेसाल्टात तिसऱ्यावर डोळा ठेवावा लागतो.

पुलासाठी किंवा बोगद्यासाठी पाहणी असती तर खडकात छिद्र पाडून नमुना काढला असता. इथे प्रत्येक छिद्र म्हणजे स्मारकाला इजा. म्हणून हातोडीच्या उसळीवरून कठीणपणा मोजणे, ठोकून आवाज ऐकणे, पडलेल्या तुकड्यावरच प्रयोगशाळेत दाब देणे, असे आडमार्ग घ्यावे लागतात. ठोकून ऐकणे ही काही मागास रीत नव्हे. घट्ट कातळ खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. पाथरवटाला हे कुठल्याही यंत्राआधी कळते.

*

वानरांची टोळी माथ्यावरून उतरली की मुठीएवढे दगड खाली येतात. लोक हसतात. तीस मीटरवरून सुटलेला अर्ध्या किलोचा दगड खाली येताना ताशी सत्त्याऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगात असतो. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूपेक्षा त्यात जास्त जोर असतो, आणि इथे डोक्यावर हेल्मेट नसते.

*

आता मोठा दगड. एक घनमीटर बेसाल्टचे वजन पावणेतीन ते तीन टन. चाळीस मीटर मोकळा पडला तर खाली पोचताना वेग सेकंदाला अठ्ठावीस मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. ऊर्जा अकराशे किलोज्यूलच्या घरात. दगड अडवणारी पोलादी जाळी विकत घेताना तिची क्षमता किलोज्यूलमध्येच लिहिलेली असते. हजाराची जाळी इथे कमी पडेल. निविदा काढण्याआधी हा त्रैराशिकाचा हिशेब कोणीही कागदावर करू शकतो. कातळात घनमीटरचा ठोकळा सुटण्याजोगा आहे की त्याहून मोठा, एवढेच आधी ठरलेले हवे. आणि ते चिरांमधले अंतर मोजल्याशिवाय ठरत नाही.

*

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या महामार्ग खात्यातल्या आर्थर रिची यांनी उतारांवरून शेकडो दगड सोडून ते कसे जातात हे पाहिले आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. साधारण निष्कर्ष असा: फार उभ्या कड्यावर दगड हवेतून येतो, मध्यम उतारावर उसळ्या मारतो, पंचेचाळीस अंशांखाली घरंगळतो. आजची संगणकी प्रारूपे याच वाटेने पुढे गेली. पडद्यावर रंगीत रेषा उसळत खाली येतात, अहवालात छान दिसतात. पण सगळा भार एका गुणांकावर असतो: दगड आपटल्यावर किती उसळतो. कातळावर तो जास्त, मातीवर कमी. परदेशी कोष्टकातून उचललेला गुणांक आपल्या झिजलेल्या, मुरमाड बेसाल्टला जसाच्या तसा लावला तर रेषा सुंदर येतील आणि जाळी चुकीच्या जागी लागेल. खात्री करायची तर रिचीसारखे दगड सोडून पाहावे लागतील. जागतिक वारशाच्या माथ्यावरून दगड सोडायला परवानगी कोण देणार? म्हणून पुन्हा तेच: आपोआप पडलेला प्रत्येक दगड हा फुकटचा प्रयोग आहे, तो वाया घालवू नये.

*

पडणाऱ्या दगडांची पोच मोजायची एक साधी रीत आहे. कड्याच्या पायाशी जिथे दगडांची रास सुरू होते तिथून साडेसत्तावीस अंशांच्या कोनात खाली रेषा ओढायची. क्वचितच एखादा दगड तिच्यापलीकडे जातो. इव्हान्स आणि हंगर यांनी १९९३ मध्ये मांडलेली. डोंगरपायथ्याच्या गावाला उपयोगाची. अजिंठ्यात निरुपयोगी, कारण लोक राशीच्या पलीकडे नाहीत, कड्याला चिकटून आहेत.

*

आज आपण पहिल्या लेण्यापासून शेवटच्यापर्यंत एका सलग वाटेने जातो, कड्याच्या मध्यावरून, सुमारे साडेपाचशे मीटर. ही वाट आधुनिक. पूर्वी लेण्यांना नदीतून वर येणारे स्वतःचे जिने होते. सोळाव्या लेण्याखाली दोन हत्तींमधून वर जाणारा जिना अजून पाहता येतो. भिक्षू पात्रातून सरळ वर चढे आणि दगडी छताखाली जाई. उघड्या कड्याखाली त्याचा वावर तेवढाच. आपण कड्याला समांतर चालतो, थांबतो, फोटो काढतो, रांगा लावतो.

लेण्याच्या आत वरून येणारा दगड तुम्हाला लागत नाही. बाहेर चपला काढायच्या जागी लागतो. चित्रे असलेल्या लेण्यांपुढे लोक जिथे सर्वांत जास्त वेळ उभे असतात ती जागा दगडाच्या हिशेबाने सर्वांत वाईट. दगड पडणार का हा एक प्रश्न; पडला तर खाली कोण आणि किती वेळ असेल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भूशास्त्रज्ञाकडे आहे, तेही अर्धेच. दुसऱ्याचे उत्तर चपलांचे कपाट कुठे ठेवायचे हे ठरवणाऱ्याच्या हातात आहे.

*

वर्षावास. पावसाचे महिने भिक्षू फिरत नसत, एका ठिकाणी राहत. दगड पडण्याचा हंगामही तोच. आपल्याला मात्र लेण्यांजवळचा सातकुंडाचा धबधबा भर पावसात बघायचा असतो.

*

दगड पडण्याच्या धोक्याला गुण देण्याची एक पद्धत ओरेगनच्या महामार्गांसाठी तयार झाली. प्रत्येक घटकाला ३, ९, २७ किंवा ८१ गुण. उताराची उंची, दगडाचा आकार, चिरांची ठेवण, पूर्वी किती दगड पडले, कडेचा चर किती दगड अडवतो, चालकाला किती पुढचे दिसते, रस्त्यावर सरासरी किती गाड्या असतात. पद्धत चांगली आहे, पण ती रस्त्याची आहे. गाडी काही सेकंदांत धोक्याच्या पट्ट्यातून निघून जाते. स्मारक निघून जात नाही. चालकाला पुढचे दिसते की नाही याला लेण्यापुढे अर्थ नाही. हवामानाच्या रकान्यात गोठण्याचा काळ मोजायचा असतो. अजिंठ्यात बर्फ कुठला? इथे चिरा रुंदावतात त्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने, उन्हाच्या तापण्याने आणि वड-पिंपळाच्या मुळांनी. माथ्यावरचा कोवळा पिंपळ वेळीच उपटला तर वाचतो तेवढा पैसा कुठल्याही जाळीने वाचत नाही. आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याला किती गुण द्यायचे, हा रकाना या पद्धतीत मुळातच नाही. तो आपल्याला घालावा लागेल.

*

वेरूळ वेगळे. तिथला पश्चिमेकडचा उतार अजिंठ्याच्या मानाने सौम्य, लेण्यांपुढे अंगणे आहेत, माणूस कड्यापासून दूर जाऊ शकतो. पण कैलास वरून खाली खोदला आहे. तिथे भोवतालच्या तिन्ही बाजूंचा कापलेला कातळ हाच कडा, आणि त्याच्या काठावर उभे राहून खाली पाहणारेही असतातच. काठावरून पायाने सरकलेला खडाही अंगणातल्या माणसाला पुरतो.

*

ग्रीसमधले डेल्फी. फेड्रियाडेसच्या कड्याखाली अपोलोचे देऊळ. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्य चालून आले तेव्हा पार्नाससवरून दोन कडे तुटून त्यांच्यावर पडले असे हेरोडोटस सांगतो. ते दगड आपल्या काळापर्यंत अथेनाच्या आवारात पडून होते, असेही लिहितो. देवाने राखण केली. पुढे १९०५ मध्ये वादळानंतर आलेल्या दगडांनी त्याच अथेनाच्या देवळाचे, उत्खननात उभे सापडलेले बहुतेक खांब पाडले. तेव्हा देवाची बाजू कुठली होती हे कोणी लिहिलेले नाही.

मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हेरोडोटसचे दुसरे वाक्य. दगड कुठे थांबला हे त्याने नोंदवले.

*

सप्तशृंगी. वणीजवळच्या या गडावर देवी कड्यातच आहे, आणि देवळाभोवतीचा प्रदक्षिणा मार्ग कड्याखालून जातो. आयआयटी मुंबईच्या भूशास्त्रज्ञांनी गेल्या दशकात इथल्या दगड पडण्याचा अभ्यास केला; एका निबंधाचा विषय नेमका प्रदक्षिणा करणाऱ्या भाविकांना असलेली जोखीम हाच होता. मला तो विषय निवडल्याबद्दलच कौतुक वाटते. डोंगराला गुण देणारे पुष्कळ असतात, प्रदक्षिणेला निघालेल्या बाईच्या चालीने हिशेब करणारे थोडे. पुढे गडावर दगड अडवणाऱ्या जाळ्याही उभ्या राहिल्या.

गर्दीचा आणि दगडाचा हंगाम नेहमी एक नसतो. चैत्रातली यात्रा कोरड्या डोंगराखाली भरते. नवरात्र मात्र पावसाळ्याच्या शेवटी, डोंगर पाण्याने भरलेला असताना. दोन्ही वेळी बंदोबस्त सारखाच ठेवणे म्हणजे कड्याकडे न पाहता गर्दीकडे पाहणे.

जाता जाता: शिखरावर निशाण लावायचा मान दरेगावच्या गवळी कुटुंबाचा. वर्षातून दोनदा, रात्री, जिथे वाट नाही अशा कड्यावरून माणूस वर जातो. त्या सुळक्याची इतक्या जवळून पाहणी दुसरे कोणी करत नसेल.

*

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) हे वेगळे प्रकरण. तिथे डोंगराची माती-मुरूम पाण्याने जड होऊन एकदम खाली आली, माणसे घरांत होती. आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दोघांचा जीव गेला, ते आपल्या विषयाच्या जवळचे: तुटलेला कातळ, उभा कापलेला उतार, खालून जाणारी माणसे. त्यानंतर तिथे सुटे दगड काढले, जाळ्या बसवल्या. रस्त्यावर हे सोपे. रस्त्याच्या कड्यावर कोणाचे चित्र नसते.

*

उपाय लिहितो, जसे सुचतील तसे.

सुटे दगड पाडणे. दोरावर लटकून पहारीने. सुरुंग अर्थातच नाही. खाली आधी वाळूच्या गोण्या, लाकडी मांडव, मगच पहार. अजिंठ्याच्या कड्यावर आग्या मोहोळे असतात. दोरावरच्या माणसाला दगडाइतकीच भीती त्यांची. या कामाचा दर ठरवताना मोहोळांचा विचार झालेला असावा.

बोल्ट. कातळात छिद्र पाडून पोलादी दांडा सिमेंटच्या द्रवाने बसवायचा. ठोकळा घट्ट बसतो. पण छिद्र पाडताना कंप येतो आणि त्याच कातळाच्या पोटात रंगवलेले छत आहे. शिवाय द्रव चिरांतून कुठवर जाईल हे सांगता येत नाही. आतल्या चित्रावर पांढरा ओघळ आला तर तो दगड पडण्याइतकाच मोठा अपघात. म्हणून चित्रे असलेल्या लेण्यांच्या वर बोल्ट शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

जाळी. कड्यावर पांघरली तर कडा दिसत नाही. १९८३ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या दृश्याला ती ठिगळ लावते. माथ्यावर, वाटेवरून न दिसणाऱ्या जागी अडसर उभारला तर दगड वरच थांबतो. पण जाळीत अडकलेले दगड दरवर्षी काढावे लागतात. जाळी बसवायला पैसा मिळतो, रिकामी करायला मिळत नाही, हा आपल्याकडचा सार्वत्रिक अनुभव.

पाणी. माथ्यावरचे पाणी कड्यावर येण्याआधी चर काढून बाजूला वळवणे. जुना, स्वस्त, कंटाळवाणा उपाय, आणि चित्रांनाही उपकारक, कारण पाझर तोच. पावसाळ्याआधी चर साफ झाला नाही तर पाणी नेमके एका जागी साठून कड्यात मुरते, म्हणजे नसता तर बरा. इथे हद्दीचा घोळ येतो. लेणी पुरातत्त्व खात्याची, आजूबाजूचे डोंगर वन खात्याचे, खालचा रस्ता तिसऱ्या कोणाचा. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण कायद्यात आहे. पण ते अंतर बांधकामासाठी. वरून येणाऱ्या पाण्याला आणि दगडाला ते लागू नाही.

शेवटी सर्वांत स्वस्त: माणसे हलवणे. बाके, चपलांची कपाटे, तिकिटाच्या आणि पाण्याच्या रांगा लटकत्या कातळाखालून काढून छताखाली किंवा नदीकडच्या कठड्याला न्यायच्या. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर काही तास वाट बंद. हे कुठल्याच अहवालात पहिल्या पानावर नसते. त्यात निविदा नाही.

*

१९५६ मध्ये दरड कोसळून सोळाव्या लेण्याकडे जाणारी पाऊलवाट बुजली. ती मोकळी करताना मजुरांना पात्राजवळ ढिगाऱ्यात एक भोक आणि एक छोटा स्तूप दिसला. पुढे खणल्यावर तिथे एक लहान विहार निघाला, इसवी सनापूर्वीचा. तेच तिसावे लेणे, कदाचित सगळ्यांत जुने. दोन हजार वर्षांत कधीतरी दगडांनी ते गाडले आणि दगडांमुळेच ते उघडे पडले. मला या गोष्टीत रम्य काही दिसत नाही. गाडले गेले तेव्हा त्यात कोणी होते का, हा विचार आधी येतो.

*

पहिल्या लेण्यापुढे खांबांची देवडी होती. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत ती अर्धीमुर्धी उभी दिसते. नंतर ती पूर्ण पडली आणि कोरीव काम असलेले तिचे तुकडे खाली नदीकडे ढकलून दिले गेले. आज ते नाहीत. कुठल्या वर्षी पडली, पावसात की उन्हात, आधी चीर दिसत होती का, यातले काही कळायला मार्ग नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला त्याची तारीखही पाठ असते: २८ एप्रिल. देवडी पडल्याची तारीख नाही.

*

म्हणून एक मागणी, सरकारकडे आणि वाचकाकडेही. प्रत्येक लेणीसमूहात, प्रत्येक गडावर, कड्याखालच्या प्रत्येक देवळात एक वही असावी. पडलेला दगड दिसला की तारीख, वेळ, जागा, आकार, आदल्या दिवसाचा पाऊस, एक छायाचित्र. लिहिणारा पहारेकरी असला तरी चालेल, भूशास्त्रज्ञ लागत नाही. दहा वर्षांची अशी वही कुठल्याही संगणकी प्रारूपापेक्षा जास्त सांगेल. आणि तुम्ही अजिंठ्याला, कार्ल्याला, लेण्याद्रीला किंवा सप्तशृंगीला गेलात आणि वाटेवर ताज्या करड्या तोंडाचा दगड दिसला, तर तो पायाने बाजूला सारू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. मग तिथे थांबू नका.